मे-अखेरचं हिमाचल, परभणीहून आठ माणसं: आधी परतीची तारीख धरा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. परभणीहून आठ जण, त्यात सत्तरी ओलांडलेले अण्णा बीपीवाले, आईचे गुडघे दुखतात, लेकरं दोन लहान, २४ मेला निघायचं आणि मिरगाच्या आत परत यायचं कारण पेरणी आहे. आणि एजंटने दिलेला प्लॅन असा की नऊ रात्रीत शिमला, कुफ्री, मनाली, रोहतांग, धरमशाला, डलहौसी आणि शेवटी अमृतसर. विचारलंय की हे जमेल का. मी बरीच वर्षं आपल्या भागातल्या लोकांच्या पहाडातल्या ट्रिपा लावतोय, स्वतः सोबत जातो, म्हातारी माणसं घेऊन जातो, त्यावरून सांगतो की हा प्लॅन घेऊ नका. पैसे जास्त लावलेत म्हणून नाही म्हणत, या प्लॅनमध्ये तुमचे अण्णा सगळी सुट्टी गाडीच्या सीटवर काढतील म्हणून म्हणतोय.

जरा अंतरं बघा. शिमला ते मनाली अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आपल्याकडं अडीचशे म्हणजे परभणीहून संभाजीनगरला जाऊन वर अजून थोडं, पाच तासात माणूस पोचतो, तिथं पहाडात तासाला पंचवीस-तीस किलोमीटर धरायचे, सीझनचं ट्रॅफिक धरलं तर आठ-नऊ तास सहज जातात. मनाली ते धरमशाला पुन्हा तेवढाच दिवस. धरमशाला-डलहौसी चार-पाच तास, डलहौसी-अमृतसर पाच तास. म्हणजे नऊपैकी चार दिवस तर नुसतं गाडीत, आणि उरलेल्या दिवसात कुफ्री, रोहतांग असल्या फेऱ्या, त्याही गाडीतच. एजंट लोक अशी यादी देतात कारण आपल्याला यादी लांब दिसली की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. तुम्ही यादी बघूच नका, फक्त एक विचारा, रोज किती तास गाडीत बसायचंय. ज्या दिवशी चार तासाच्या वर उत्तर येईल तो दिवस आई-अण्णांना झेपणार नाही असं समजून चाला.

आता माझी पद्धत सांगतो. मराठवाड्यातून निघणाऱ्या माणसानं पहाडाची ट्रिप मागून पुढं आखायची. आधी घरी कधी पोचायचं ती तारीख, मग तिथून गाडीचे दिवस वजा करायचे, आणि जे उरेल त्यात एकच भाग बसवायचा. पुण्या-मुंबईवाल्यांना विमान आहे, सकाळी निघाले की संध्याकाळी चहा शिमल्यात. आपल्याला जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. हा हिशोब न करता लोक त्यांचे प्लॅन इथं बसवायलेत, म्हणून सगळी पळापळ होते.

तुमच्यासाठी गाडी एकच सरळ आहे, सचखंड एक्सप्रेस. रोज आहे, सकाळी नांदेडहून निघते, परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड करत दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली आणि दुपार सरता सरता अंबाला. तुम्ही दिल्लीला उतरू नका. मेच्या शेवटी दिल्लीत उतरून बसस्टँडला जायचं, तिथून रात्रभर व्होल्वोत बारा-चौदा तास, हे जवान पोरांचं काम आहे. सरळ अंबाला कॅन्टला उतरा, तिथून कालका साठ-सत्तर किलोमीटर, टॅक्सी करून कालका किंवा त्याला लागूनच असलेल्या परवाणूत मुक्काम टाका. तिथं मात्र एसी रूम घ्या, कारण कालका काही थंड हवेचं ठिकाण नाही, पायथ्याचं गाव आहे, साडेसहाशे मीटरवर, मेमध्ये तिथलं ऊन आपल्यासारखंच मी म्हणतं.

तिकिटाचं लक्षात ठेवा, १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं ॲडव्हान्स बुकिंग १२० दिवसांऐवजी ६० दिवसांवर आलंय. म्हणजे २४ मेचं तिकीट २५ मार्चला सकाळी आठला उघडणार. परतीचं ३ जूनचं धरलं तर ते ४ एप्रिलला उघडेल, दोन वेगवेगळ्या तारखा आहेत, मोबाईलमध्ये अलार्म लावून ठेवा. लोक जायचं काढतात आणि यायचं बघू म्हणतात आणि मग मेच्या गर्दीत वेटिंग. तात्काळच्या भरवशावर आठ माणसं घेऊन निघू नका, एका तिकिटावर तात्काळमध्ये चारच नावं बसतात, ते एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं आणि आता आधार जोडलेल्या खात्यातूनच निघतं. अण्णांचं ज्येष्ठ नागरिक सवलतीचं विचारलं होतं, ती २०२० पासून बंद आहे, पण तिकीट काढताना लोअर बर्थचा पर्याय जरूर टाका. आणि थर्ड एसीच काढा, स्लीपर नको. भुसावळ, खंडवा, भोपाळ, झाशी ही सगळी भट्टी आहे त्या दिवसात, म्हातारं माणूस दिल्लीपर्यंतच आजारी पडतं आणि मग पहाडात पोचून दोन दिवस सलाईन. गाडीत पाणी आणि ओआरएस सतत देत राहा, तहान लागली नाही म्हणाले तरी द्या. खायला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी घरून न्या, पहिला दिवस त्यात निघतो. वाटेत काही स्टेशनांवर शीख मंडळी लंगर देतात, डबा-ताट हाताशी ठेवा, गरम डाळ-पोळी मिळते, आणि ते इतक्या मायेनं वाढतात की आमच्या ग्रुपमधली माणसं घरी आल्यावरही ते सांगत असतात.

आता कुठं जायचं. लोक समजतात हिमाचल म्हणलं की सगळं थंड. तसं नाही, थंडी नावावर नसते, उंचीवर असते. साधारण हजार मीटर वर गेलं की सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं, हा ढोबळ हिशोब. परभणी चारशे मीटरच्या आसपास. मंडी, बिलासपूर हे खालचे भाग, मे-जूनमध्ये तिथं दुपारी चांगलंच तापतं, कुल्लू बाराशे मीटरवर, तिथंही पारा पस्तीसपर्यंत जातो. मनाली दोन हजारावर, शिमला बावीसशेच्या आसपास, इथं दिवसा पंचवीसच्या आगेमागे, रात्री शाल लागते. नारकंडा सत्तावीसशे मीटर, तिथं रात्री स्वेटर आणि जाड रजई दोन्ही लागतं, मे असला तरी. म्हणून हॉटेल बुक करताना गावाच्या नावावर जाऊ नका, 'मनालीजवळ' म्हणून वीस-पंचवीस किलोमीटर खाली कुल्लूच्या बाजूला रूम देतात आणि तिथं पंखा लावून झोपावं लागतं. उंची विचारा, पिनकोडसकट पत्ता मागा, मॅपवर बघा.

उलट जास्त वरही नको. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं, आणि तीन हजाराच्या वर तर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. त्रास वाढला तर औषध शोधत बसायचं नाही, खाली उतरायचं, हाच उपाय. तुमचे अण्णा बीपीवाले, त्यामुळं स्पिती, चंद्रताल, लेह हे यावेळी डोक्यातून काढा, काझा साडेतीन हजाराच्या वर आहे, चंद्रताल तर ४३०० च्या आसपास. निघण्याआधी अण्णांच्या डॉक्टरला एकदा दाखवून घ्या आणि आम्ही २७०० मीटरवर तीन रात्री राहणार आहोत असं आकड्यात सांगा, नुसतं 'हिमाचलला चाललोय' म्हणलं तर डॉक्टरही 'जा की' म्हणतात.

माझ्या मते तुमच्यासाठी शिमला, नारकंडा, चैल, बस. २६ला सकाळी कालक्याहून छोट्या रेल्वेनं, टॉय ट्रेननं, वर शिमल्याला जा. ९६ किलोमीटरची लाईन आहे, १९०३ची, युनेस्कोच्या यादीत २००८ला आली, शंभरावर बोगदे आहेत आणि मध्ये बडोगचा बोगदा एक किलोमीटरहून लांब. लेकरं बोगदे मोजत बसतात, म्हाताऱ्यांना वळणावळणाच्या रस्त्याचा त्रास होत नाही, पाचेक तासात हळूहळू उंची वाढते, शरीराला सवय होते. येताना परत त्याच गाडीनं येऊ नका, एकदा पुरे. तिचंही बुकिंग लवकर संपतं, सचखंडसोबतच बघून ठेवा, आणि नाहीच मिळालं तर टॅक्सीनं चार तास.

शिमल्यात दोन रात्री. इथं हॉटेल घेताना चार गोष्टी फोनवर विचाराच. पहिली, गाडी थांबते तिथून रूमपर्यंत पायऱ्या किती. शिमला सगळं उतारावर आहे, मॉल रोडवर गाड्या जात नाहीत, खालच्या गाड्यांच्या रस्त्यावरून, म्हणजे कार्ट रोडवरून, वर यायला पर्यटन निगमची लिफ्ट आहे पण सीझनला तिथं लाईन असते. आईचे गुडघे दुखत असतील तर साठ पायऱ्या रोज दोनदा म्हणजे तिसऱ्या दिवशी त्या रूममधून निघणारच नाहीत. दुसरी, पाणी. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही, लातूरला २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तो उन्हाळा आपण बघितलाय. पण शिमल्यातही मे-अखेर २०१८ला इतकी टंचाई झाली होती की लोकच म्हणायले होते टुरिस्टांनो येऊ नका. तेव्हा टाकी केवढी, टँकर येतो का, गरम पाणी कधी, हे सरळ विचारा. आणि तिथं पाणी जपून वापरा, बादलीनं आंघोळ करा, घरी जसं करतो तसं. तिसरी, पार्किंग. चौथी, जेवण, कारण रात्री आठला चढ चढून बाहेर जेवायला जाणं आई-अण्णांना होत नाही. जाखू मंदिराला रोपवे आहे, तिथं माकडं चष्मे पळवतात, अण्णांचा चष्मा खिशात ठेवायला सांगा. कुफ्री मी तर टाळतो, मेमध्ये तिथं बर्फ नसतो, घोड्यांची लीद आणि धूळ असते आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला घोड्यावर बसवणं म्हणजे संकट विकत घेणं.

मग २८ ते ३० अशा तीन रात्री नारकंडा. शिमल्याहून साठ-पासष्ट किलोमीटर, अडीच तास. हे माझं आवडतं ठिकाण आहे हे आधीच सांगतो. गर्दी शिमल्याच्या मानानं फार कमी, देवदाराचं जंगल, समोर बर्फाची रांग, आणि मुख्य म्हणजे काहीच करायची घाई नाही. एक दिवस हाटू शिखरावर जा, चौतीसशे मीटरच्या आसपास आहे, वरपर्यंत गाडी जाते पण रस्ता अरुंद आणि उभा, छोटी लोकल टॅक्सी करा, मोठी गाडी नेऊ नका, अण्णांना त्या दिवशी बरं वाटत असेल तरच न्या आणि तासाभरात खाली या. दुसऱ्या दिवशी खाली ठाणेदार-कोटगडला सफरचंदाच्या बागा बघा. शंभर वर्षांपूर्वी स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसानं इथं अमेरिकेतून सफरचंदाची कलमं आणून लावली आणि त्यावर सगळ्या भागाचं अर्थकारण बदललं. तुम्ही शेतकरी माणूस, तुम्हाला हे बर्फापेक्षा जास्त आवडेल असं मला वाटतं. बागायतदाराशी बोला, छाटणी कशी करतात, गारपिटीसाठी जाळ्या कशा लावतात, भाव कोण ठरवतं, ते लोक मोकळेपणानं बोलतात. सफरचंद मेमध्ये खायला मिळणार नाही, ते जुलैपासून पुढं, पण चेरी त्याच दिवसात निघते, बागेतूनच घ्या.

३१ आणि १ जून चैल. बावीसशे मीटरवर, शांत, पटियालाच्या महाराजांचं जुनं उन्हाळ्यातलं मुक्कामाचं ठिकाण, एकोणिसाव्या शतकातलं क्रिकेट मैदान आहे चोवीसशे मीटरवर, ते बाहेरून बघता येतं. २ जूनला सावकाश उतरून चंदीगडला मुक्काम. हा मुक्काम वाचवू नका. परतीची सचखंड अमृतसरहून पहाटेच्या सुमाराला निघते आणि सकाळीच अंबाल्याला येते, त्या सकाळी पहाडातून निघून गाडी गाठायचा विचारही करायचा नाही, एक ट्रक आडवा झाला तर आठ तिकिटं गेली. ३ला गाडीत बसलात की ४ जूनला दुपारी परभणी, मिरगाला दोन-तीन दिवस हाताशी राहतात, बियाणं-खताची धावपळ करायला.

लेकरांना बर्फच पाहिजे असं तुम्ही लिहिलंय. तर मग शिमला-नारकंडा सोडून फक्त मनाली करा, दोन्ही एकात बसवू नका. मनालीत गावात न राहता नग्गरला राहा, अठराशे मीटरच्या आसपास, कुल्लूच्या राजांची जुनी राजधानी, शांत आहे. बर्फासाठी रोहतांगला, जवळपास चार हजार मीटर, गाड्यांना परमिट लागतं, रोजची संख्या ठरलेली आहे, आणि मंगळवारी बंद असतं, तेव्हा मंगळवार बघून दिवस ठरवा. घाट कधी उघडायचा ते बर्फ काढण्यावर असतं, पण मे-अखेरपर्यंत बहुतेक उघडतो. अण्णांना मात्र रोहतांगला नेऊ नका. त्यांच्यासाठी अटल बोगदा, नऊ किलोमीटरचा, २०२० पासून सुरू, त्यातून पलीकडं लाहौलमध्ये सिस्सूपर्यंत जाऊन यायचं, तेही तीन हजाराच्या थोडं वर आहे पण दोन तास थांबून मनालीला परत आलात तर सहसा झेपतं. हिरव्या दरीतून आत शिरायचं आणि बाहेर पडलं की उघडा कोरडा डोंगर, ते बघण्यासारखंच आहे.

आणि तुमच्या भावानं सुचवलेलं, जूनच्या शेवटी गेलं तर पॅकेज स्वस्त पडतंय. पडतंच, कारण तोवर पाऊस येतो. हिमाचलात मान्सून साधारण २०-२५ जूनच्या दरम्यान पोचतो. आपल्याकडचा डोंगर काळ्या बसाल्टचा, बालाघाट असो की अजिंठ्याची रांग, पाऊस पडला की धबधबे पडतात आणि लोक फोटो काढायला म्हैसमाळला जातात. हिमालय तसा नाही, तो वयानं तरुण, दगड भेगाळलेला, माती सैल, त्यात रस्ते रुंद करायला उतार उभे कापलेत. पाणी मुरलं की अख्खी कड खाली येते. जुलै २०२३ला बियास नदीनं कुल्लू-मनालीचा हायवे जागोजाग वाहून नेला, हजारो टुरिस्ट अडकले, ऑगस्टमध्ये शिमल्यात समरहिलला दरड कोसळून मंदिर गेलं, माणसं गेली, कालका लाईनचे रूळ हवेत लटकत राहिले. २०१३चं केदारनाथ तर १६-१७ जूनलाच झालं, म्हणजे पाऊस लवकरही येतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यातलं धराली गाव काही मिनिटात गाडलं गेलं. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना घेऊन त्या दिवसात स्वस्तात जाण्यापेक्षा ते वर्ष घरी राहावं, आणि पाऊस बघायचाच असेल तर जुलैमध्ये चिखलदऱ्याला जावं, अकराशे मीटर आहे, घाट तिथलाही जपून चालवावा लागतो पण घराजवळ आहे. मे-अखेरीला दुपारनंतर ढग येऊन तासभर गारा-पाऊस होतो, त्याला घाबरू नका, फिरणं सकाळी उरकून दुपारी रूमवर या एवढंच.

गाडीचं शेवटचं पण सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या गावातला ओळखीचा ड्रायव्हर त्याची क्रूझर घेऊन यायला तयार आहे, स्वस्त पडेल, असं लिहिलंय. नका आणू. तो माणूस चांगला असेल, हायवेला पटाईत असेल, पण सलग पंधराशेवर किलोमीटर चालवून थकलेला माणूस पहाडात पहिल्यांदा उतरतो तेव्हा ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतो, ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. तिथं चढताना जो गियर लागतो त्याच गियरमध्ये उतरायचं असतं, न्यूट्रल तर कधीच नाही, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, आतल्या वळणाला हॉर्न द्यायचा असतो, हे तिथल्या पोरांच्या अंगात मुरलेलं असतं. आणि काही ठिकाणी बाहेरच्या टॅक्सीला लोकल फिरवूच देत नाहीत, युनियन असते. कालक्याहून हिमाचल पासिंगची टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, ड्रायव्हरच्या जेवणा-झोपण्याची सोय नीट आहे का ते हॉटेलला विचारा, अंधार पडल्यावर घाटात चालवायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. लेकरांना उलटीचा त्रास असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास, पोट रिकामंही नको आणि पराठ्यानं भरलेलंही नको, आणि मोबाईल हातात देऊ नका. अण्णांच्या गोळ्या मोजून दुप्पट घ्या, अर्ध्या त्यांच्या खिशातल्या पाकिटात आणि अर्ध्या तुमच्या पिशवीत, कारण सामान टपावर बांधलेलं असतं आणि गोळीची वेळ नेमकी घाटातच येते.

एजंटला पूर्ण पैसे आधी देऊ नका. हॉटेलची नावं लेखी घ्या, 'किंवा त्याच दर्जाचं' असं लिहिलेलं असेल तर खोडून नाव लिहायला सांगा, आणि स्वतः त्या हॉटेलला फोन करून तुमच्या नावानं बुकिंग आहे का विचारा. तुमच्याच्यानं होत असेल तर एजंट न करता हिमाचल पर्यटन निगमची हॉटेलं थेट बुक करा, नारकंडा आणि चैल दोन्हीकडं आहेत, जागा मोक्याच्या असतात. खोली तळमजल्याची मागा. २५ मार्चला तिकीट कन्फर्म झालं की मग हॉटेल, आधी हॉटेल नाही. आणि २५च्या सकाळी घरात दोन मोबाईलवर दोघांनी बसा, एका तिकिटावर सहाच नावं बसतात आणि तुम्ही आठ, तर एकानं आई-अण्णा आणि तुम्ही दोघं असं चौघांचं आणि दुसऱ्यानं उरलेल्या चौघांचं काढा, म्हणजे डबे वेगळे पडले तरी म्हाताऱ्यांपाशी कोणीतरी राहील.